देवळासाठी झऱ्यावरचं रान विकू नका: मुंबई मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
आमच्या गावचं मुंबई मंडळ

स. न. वि. वि.

दिवाळीनंतरच्या वार्षिक सभेत तुम्ही ठराव केलात, की देवळामागच्या डोंगरातली उभी झाडं ठेकेदाराला द्यायची आणि आलेल्या पैशातून सभामंडप पुरा करायचा. ठरावाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. खाली अंगठे, जोडलेले हात, ‘खूप छान निर्णय’. गावात बारमाही राहणाऱ्या एकाही माणसाला त्याआधी विचारलं नव्हतं. मी ग्रुपवर हरकत लिहिली, तर लगेच कुणीतरी फुलांचा फोटो आणि ‘शुभ सकाळ’ टाकून ती वर ढकलली. म्हणून आता उघड लिहितो आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. संगमेश्वर तालुक्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आपलं गाव आहे एवढं पुरे. असे ठराव चिपळुणात, लांज्यात, राजापुरातही होतात आणि तिथलीही मंडळं परळ-लालबागच्या हॉलमध्येच बसतात. त्यांनीही हे वाचावं.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. गावची नळपाणी योजना मी बघतो. झऱ्यावरच्या टाकीपासून वाड्यांपर्यंतची पाईपलाईन, व्हॉल्व्ह, गळती, आणि पाणी उशिरा आलं की ऐकाव्या लागणाऱ्या शिव्या, हे सगळं माझ्याकडे. त्याआधी काही वर्षं मीही मुंबईत होतो, मंडळाची वर्गणी गोळा करत जिने चढलो आहे. आणि ज्या डोंगराचा ठराव केलात त्याच्या सातबाऱ्यावर तुमच्यासारखंच माझंही नाव आहे, आजोबांच्या हिश्शाने. तेव्हा हा परक्या माणसाचा उपदेश समजू नये. हिस्सेदाराची हरकत समजावी.

मंडळाने गावासाठी काही केलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. शाळेची बाकं तुमची, पाखाडीच्या पायऱ्या तुमच्या, झऱ्यापासूनची अर्धी पाईपलाईन तुमच्या वर्गणीतली. पण त्या पाईपातून काय वाहतं आणि ते कुठून येतं, याचा विचार ठराव करताना झालेला दिसत नाही.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि एप्रिल संपताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या धनगरवाड्यांना टँकर लागतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, कारण तो पाऊस जेमतेम चार महिन्यांत कोसळतो आणि उताराने खाली जातो. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा. काळ्या पाषाणाचा एक थर, त्यावर दुसरा, मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा. वरच्या थराच्या भेगांतून पाणी खाली उतरतं, घट्ट थर लागला की आडवं सरकतं, आणि डोंगराच्या अंगाला जिथे ती सांध उघडी पडते तिथे बाहेर येतं. तोच आपला झरा. आपण त्याला टाकी बांधली, पाईप लावला, वर ‘पिण्याचे पाणी’ असा बोर्डही लावला. पण झरा भरतो तो त्या टाकीच्या वर, धनगरवाडीच्या खालच्या अंगाला जो उतार आहे तिथे. ठेकेदाराने खुणा केलेली झाडं नेमकी त्याच उतारावरची आहेत. मी जाऊन बघितलं. बुंध्यांवर कोयत्याने साल सोलून लाल रंगाचे पट्टे मारले आहेत. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आणि झऱ्याच्या तोंडावरचा उंबरसुद्धा. उंबर विकून कोण किती देणार होता, हे खजिनदारांनी मला एकदा सांगावं.

हा उतार आज जसा दिसतो तसा आपोआप झालेला नाही. तुमच्यातल्या चाळिशीच्या वरच्यांना आठवत असेल, तिथे करवंदीची जाळी आणि उघडा खडक होता. दरवर्षी शिमग्याच्या आसपास वणवा लागायचा. कधी शिकारीला गेलेले लावायचे, कधी विडीचं थोटूक. भातशेतीच्या भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, कवळ (झाडांच्या फांद्या) तोडायला गावच वर जायचं. त्यात आपलीही घरं होती, मी कुणाला वेगळं काढत नाही. झरा मार्चमध्ये बारीक व्हायचा आणि मे महिन्यात तुम्ही मुलाबाळांसह सुट्टीला यायचात, तेव्हा नेमका आटलेला असायचा. टँकर मुख्य रस्त्यावर थांबायचा. धनगरवाडीपर्यंत रस्ता नव्हता, अजूनही धड नाही.

मग गावाने सावडीने, म्हणजे मजुरी न घेता एकमेकांना हात लावून, काम धरलं. कुठल्याही योजनेचा बोर्ड नव्हता, म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. पाऊस सरला की डोंगराच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढायची, म्हणजे खालून आलेली आग वर चढत नाही. पऱ्यात, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात, जागोजागी सुटे दगड रचून बांध घालायचे. खाली वाहतं पाणी अडवायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे. धनगरवाडीच्या लोकांनी त्या उतारावर गुरं-शेळ्या सोडणं बंद केलं. त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती, लांबच्या माळावर फिरावं लागतं. कवळ बंद झाली. झाडं लावायचा मात्र आम्ही फारसा खटाटोप केला नाही. रोपवाटिकेतून मिळत होती ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, आणि तिच्याखाली दुसरं काही नीट उगवत नाही हे शेजारच्या गावात बघितलेलं होतं. तोडलेल्या ऐन-किंजळाच्या खोडांना फुटवे येतच असतात, त्यांना फक्त आग आणि दात लागू दिले नाहीत. पक्ष्यांनी बिया आणल्या. आता फळं पिकली की धनेश येतात, त्यांच्या पंखांचा आवाज टाकीपर्यंत ऐकू येतो.

वर गेलात तर एवढं करून बघा. कुठल्याही किंजळाखाली पाचोळा हाताने बाजूला सारा. खाली काळी, भुसभुशीत माती लागेल, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी बांधलेली, डिसेंबरातही ओलसर. मग पाच पावलं पलीकडे उघड्या बांधावर या आणि तिथे बोट खुपसून बघा. खुपसलं जात नाही. पहिल्या पावसात पऱ्याला जे पाणी यायचं ते चहासारखं तांबडं असायचं. आता येतं ते उशिरा येतं आणि बऱ्यापैकी नितळ येतं. माती वरच राहते आहे, याची एवढी खूण मला पुरते. झऱ्याचं म्हणाल तर पूर्वी मे महिन्यात कळशी लावून बायका निवांत गप्पा मारत बसायच्या, आता पदर खोचून होईपर्यंत ती भरते.

आता तुमचे मुद्दे. ग्रुपवर आले तेवढ्यांना उत्तर देतो.

एक म्हणजे, ‘तोडलं तरी परत फुटतं, दहा वर्षांत रान उभं राहतं’. फुटतं, हे मीच वर लिहिलं आहे. ठेकेदारही हेच सांगून दर दहा-बारा वर्षांनी येतो, आणि म्हणूनच आपल्या जिल्ह्यात जिकडे बघावं तिकडे झुडूप आहे आणि कवेत न मावणारं झाड शोधावं लागतं. सपाट जागेवर एकवेळ चालेल. इतक्या चढावर एकदा सावली गेली की पहिल्या जूनमध्ये पाचोळा वाहून जातो, दुसऱ्या जूनमध्ये माती. फुटव्याला मग पाय रोवायला खडक उरतो. आणि ट्रक वर न्यायला ठेकेदार जेसीबीने आडवा रस्ता कापणार आहे, हे ठरावात नाही पण त्याच्या माणसाने मला तोंडी सांगितलं. तो रस्ता झऱ्याच्या बरोबर डोक्यावरून जातो.

आपल्यातल्या एका इंजिनीअर भाच्याने लिहिलं, की झाडं स्वतःच जमिनीतलं पाणी ओढतात, तेव्हा झाडं कमी झाली तर झरा वाढेल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. झाडं पाणी पितात हे खरं आहे, आणि कमी पावसाच्या मुलखात दाट लागवडीने झरे बारीक झाल्याचं अभ्यासक सांगतात. पण आपल्याला पाणी कमी पडतं ते पाऊस थोडा म्हणून नाही. जुलैत पडलेलं पाणी मे महिन्यापर्यंत डोंगराच्या पोटात टिकलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी ते आत उतरलं पाहिजे. ते उतरवण्याचं काम मुळं, गांडुळं, पाचोळा आणि वाळवीची बिळं करतात. भाच्याला माझा निरोप द्या, मे महिन्यात ये, दोघं मिळून आपल्या झऱ्याला बादली लावू आणि पलीकडच्या तोडलेल्या डोंगराच्या झऱ्यालाही. आकडे त्यानेच लिहावेत.

बोअरवेलचा मुद्दा मात्र मला खरोखर लागला. ‘उरलेल्या पैशातून बोअर मारून देऊ, मग झऱ्याची गरजच काय?’ पाणाड्याला बोलावून तळहातावर नारळ उभा करूनही झाला म्हणे, आणि नारळ फिरला तो झऱ्याच्या वरच्या बाजूला. तिथे फिरणारच, पाणी तिथेच आहे! पण ते दुसरं कुठलं नवं पाणी नाही. वरून भोक पाडलं की सांधेतून आडवं येणारं तेच पाणी खाली खोल निघून जाईल किंवा पंपाने उपसलं जाईल, आणि झरा कोरडा पडेल. शिवाय आज पाणी उताराने, फुकट येतं. वीज गेली तरी येतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती दिवस असते, ते तुम्ही गणपतीत अनुभवता. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी करणारा कायदा या राज्यात 1993 सालीच झाला, तो काही उगाच नाही. जलजीवन मिशन 2019 साली आलं, माणशी रोज 55 लिटर असं ठरलं, घरोघरी नळ लागले. आजूबाजूच्या कितीतरी वाड्यांत आज नळ आहे आणि त्यातून हवा येते, कारण उगमाकडे कुणी बघितलं नाही.

आणि शेवटचं, देवाचा कौल. ठरावात लिहिलं आहे की गुरवांकडून कळे लावून देवाची परवानगी घेतली आणि उजवा कौल, म्हणजे होकार, मिळाला. देवावर माझीही श्रद्धा आहे, पालखी मीही खांद्यावर घेतो. मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की गाऱ्हाणं काय घातलं होतं? ‘देवा, तुझं देऊळ बांधू का’ असं विचारलं असेल तर देव नको कशाला म्हणेल? ‘तुझ्यामागचं रान विकून बांधू का’ असं विचारलं का? आपल्या वाडवडिलांनी देवराई राखली, तिच्यात कोयता चालवायचा नाही असा दंडक घातला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांच्यावर लिहिलं. अशा कितीतरी राया पाण्याच्या उगमाशी आहेत. आपली राई आता देवळाभोवती बोटावर मोजण्याइतक्या झाडांची उरली आहे. मागचा डोंगर तिला जोडून पुन्हा उभा राहत होता. आणि खरं सांगू का, जुनं देऊळ कौलारू, लाकडी खांबांचं, मे महिन्यात आत गेलं की गार वाटायचं. स्लॅब आणि फरशीचा मंडप दुपारी दोन वाजता कसा तापतो ते शेजारच्या गावात जाऊन बसून बघा.

तुमच्यापैकी काहींना वाटतं, वीस-पंचवीस घरांनी सावडीने काम करून डोंगर सांभाळल्याने काय होतंय. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपल्या पावसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढाच पाऊस पडतो. 1990 च्या सुमारापासून त्या गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर मारायला मनाई केली, आणि ते गाव आज टँकर मागत नाही. उत्तराखंडात उफरैंखालच्या परिसरात सच्चिदानंद भारतींबरोबर गावोगावच्या बायकांनी डोंगरउतारावर छोटे खड्डे खणले, बांजाचं (हिमालयातल्या ओकचं) रान राखलं. ‘सूखा रौला’ म्हणून ओळखला जाणारा कोरडा ओहोळ वाहू लागला, आता त्याला गाडगंगा म्हणतात. आणि लांब कशाला, सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातली बांबर्डेची रानजायफळाची राई 2021 साली सरकारने जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ती जागा जेमतेम अडीच हेक्टर आहे. आपला उतार त्याहून मोठा भरेल.

तळीयेची दरड, चिपळूणचा पूर, 2021 चा जुलै, याबद्दल लिहिणार नव्हतो, कारण लोकांच्या मृत्यूचा मुद्दा करून वाद जिंकायचा नसतो. पण आपल्या झऱ्याखाली, त्याच उताराच्या सरळ रेषेत, बौद्धवाडीची घरं आहेत. ठराव करताना ती कुणाच्या डोळ्यांसमोर आली होती का, एवढं विचारतो.

तुमच्या अडचणीही मला कळतात. सातबाऱ्यावर नाव आहे, पण त्या जमिनीचा रुपया मिळत नाही. चाळीतली खोली पुनर्विकासात अडकली आहे, मुलांच्या फिया आहेत. देऊळ अर्धवट राहिलं तर दरवर्षी पाहुण्यांपुढे मान खाली. ठेकेदार रोख घेऊन दारात येतो, तेव्हा मन चळतं. पण हेही बघा, की ज्यांनी तो डोंगर राखला त्यांच्यापैकी धनगरवाडीच्या आणि बौद्धवाडीच्या एकाचंही नाव त्या सातबाऱ्यावर नाही. बायकांची नावं वारसाने लागली तेवढीच. राखण त्यांनी केली, पाणी सगळ्यांनी प्यायलं, आणि विकायचा अधिकार तेवढा आपल्याकडे. हे मला पटत नाही, माझं नाव त्यात असूनही.

म्हणून मागण्या करतो, सरळ शब्दांत.

हा ठराव स्थगित ठेवा. डोंगराबद्दलची पुढची सभा गावात घ्या, मुंबईत नाही, आणि तिला सगळ्या वाड्यांना बोलवा. बायकांना नुसतं चहा करायला नव्हे, बोलायला बोलवा. सभेची तारीख लग्नसराईच्या आधीची असावी, म्हणजे वणव्याच्या दिवसांत माणसं डोंगरावरून हलवावी लागणार नाहीत.

झऱ्याच्या वरचा उतार, टाकीपासून धनगरवाडीच्या बांधापर्यंत, कायमचा तोडीबाहेर ठेवावा आणि तसं सगळ्या हिस्सेदारांनी लेखी द्यावं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने या जागेची लोक जैवविविधता नोंदवहीत नोंद करावी आणि वारसा स्थळाचा प्रस्ताव पाठवावा. समिती कागदावर आहे, तिला कामाला लावायला मंडळाने मदत करावी. मंत्रालयात ओळखी तुमच्या आहेत, आमच्या नाहीत.

त्या उतारावर किंवा त्याच्या वर बोअरवेल घेऊ नये.

मंडळाच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा दरवर्षी जाळरेषा काढायला आणि वणव्याच्या महिन्यांत राखण करणाऱ्या धनगरवाडीच्या माणसांच्या मजुरीला द्यावा. देवळाच्या खर्चापुढे ही रक्कम अगदीच किरकोळ आहे. ती मिळाली तर ज्यांनी गुरांचं रान सोडलं त्यांना निदान तोंड दाखवायला जागा राहील.

मंडप लहान करा. मंडळात तीन-चार कंत्राटदार आहेत, खर्चाचं पत्रक पुन्हा मांडा. कौलांचं छप्पर, जांभ्याच्या भिंती, स्थानिक गवंडी. पैसे कमी पडले तर गावातले आम्ही सावडीने दगड-माती वाहू, ते वचन या पत्रात देतो.

माझी सही मात्र या व्यवहाराला मिळणार नाही. मिळकत सामाईक आहे, आणि 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ अशी झाडं तोडायला परवानगी लागते. परवानगीसाठी अर्ज गेला तर हिस्सेदार म्हणून लेखी हरकत वनखात्याकडे आणि तहसीलदारांकडे त्याच दिवशी जाईल. हरकतीचा मसुदा तयार आहे. भावकीतल्या आणखी काही जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत. त्यात तुमच्यातलेही दोघे आहेत, ज्यांनी ग्रुपवर अंगठा दाखवला होता.

मकरसंक्रांतीपर्यंत उत्तराची वाट बघतो. लेखी द्यावं, ग्रुपवर नको.

आपला,
गावची नळपाणी योजना बघणारा,
आणि त्याच सातबाऱ्यावरचा एक हिस्सेदार